पिस्तूल की रिव्हॉल्वर? पहिले शस्त्र घेणाऱ्या उरणकरांसाठी मार्गदर्शन

बंदराच्या व्यवसायातील वाहतूकदार आणि ठेकेदार, सराफ, निवृत्त जवान किंवा वडिलांच्या पश्चात कपाटात राहिलेल्या जुन्या रिव्हॉल्वरचे काय करावे या विवंचनेत असलेले वारस, यांपैकी कोणीही शस्त्रपरवान्याची चौकशी करू लागले की शंका बहुधा त्याच असतात: अर्ज अलिबागला करायचा की बेलापूरला, ‘नऊ एमएम’ मिळते का, हलके शस्त्र चांगले की जड, आणि विक्रेत्याने पुढे ठेवलेले शस्त्र आपल्या हाताला बसते आहे हे ओळखायचे कसे. या शंकांची उत्तरे शोधताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो, म्हणजे आधी नमुना मनात ठरतो, मग परवाना आणि हाताचा विचार तर पैसे भरून झाल्यावर होतो. प्रस्तुत लेखात परवाना, हात आणि नमुना असा क्रम धरला आहे, कारण हाताला न मानवणारे शस्त्र कितीही महागडे असले तरी ते कपाटातच पडून राहते, आणि सराव नसलेल्या हातात ते समोरच्यापेक्षा घरच्यांनाच अधिक धोकादायक ठरते.

आधी गरज पडताळावी

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नसून शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत मिळणारी परवानगी आहे. हातात धरून चालवायच्या लहान शस्त्रासाठी परवाना देताना ज्यांच्या व्यवसायाच्या स्वरूपामुळे जीविताला किंवा मालमत्तेला खरा धोका आहे अशा व्यक्ती, किमान दोन वर्षे नेमबाजी संस्थेचे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू, आणि संरक्षण दले, केंद्रीय सशस्त्र दले किंवा पोलीस दलात सेवेत असलेले अथवा सेवा केलेले लोक यांच्या अर्जांचा विचार नियमांनुसार होतो. यांपैकी कोणत्या वर्गात आपण बसतो हे अर्जाआधीच स्पष्ट असावे. रोकड नेण्याची नोंद, धमकीबद्दल पोलीस ठाण्यात दिलेली तक्रार किंवा व्यवसायाचा परवाना अशी कागदपत्रे हाती असतील तर गरज नुसती सांगावी लागत नाही, दाखवता येते. जमिनीचा मोबदला हाती आला आणि शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवे, ही गरज नव्हे.

चिरनेर किंवा कोप्रोलीच्या बाजूच्या शेतकऱ्यांना रानडुकरांचा किंवा माकडांचा त्रास असेल, तर पिस्तूल हे त्यावरचे साधनच नाही. पिकाच्या रक्षणासाठी अधिनियमात तोंडाने ठासायच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. तिच्या अर्जात सातबारा उतारा महत्त्वाचा ठरतो, आणि परवाना मिळाला तरी वन्य प्राणी मारण्यासाठी वनखात्याची स्वतंत्र परवानगी लागते. घरात कोणी तीव्र नैराश्यात असेल, दारूचे व्यसन असेल किंवा कौटुंबिक भांडणे हातघाईवर येत असतील, तर धोका बाहेरचा कितीही खरा असला तरी शस्त्र घरात आणू नये. अशा घरांनी कॅमेरे, रखवालदार आणि रोकड स्वतः न बाळगता बँकेमार्फत व्यवहार करणे हेच पर्याय धरावेत.

अर्ज अलिबागला नव्हे, बेलापूरला

महसुली दृष्टीने उरण हा रायगड जिल्ह्याचा तालुका असल्यामुळे परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणार असे गृहीत धरले जाते, आणि अनेकांची पहिली खेप तिथेच फुकट जाते. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येनुसार ज्या क्षेत्रासाठी पोलीस आयुक्त नेमलेले आहेत तिथे ‘जिल्हादंडाधिकारी’ म्हणजे पोलीस आयुक्त होत. उरण, न्हावा शेवा आणि मोरा सागरी ही पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडत असल्याने तेथील रहिवाशांचा अर्ज बेलापूर येथील आयुक्तालयाकडे जातो. आपले घर नेमके कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे तालुक्याच्या सीमेवरच्या गावांनी आधी विचारून घ्यावे. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून बेलापूरची खेप सोपी झाली आहे.

एक अट उरणच्या पूर्व भागातील गावांना विशेष लागू पडू शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना नवा शस्त्रपरवाना देण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची सहमती लागते. कर्नाळा पक्षी अभयारण्य जवळ असल्यामुळे आपले गाव या अंतरात येते का, हे वनखात्याकडून तपासून घेतल्यास अर्ज पुढे जाऊन मध्येच अडकत नाही.

अर्जासोबत आणि अर्जानंतर लागणाऱ्या मुख्य गोष्टी अशा:

- अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. खेळाडूंना सरावासाठी काही सवलती आहेत.
- अर्ज ‘नमुना ए-१’ मध्ये करावा लागतो, आणि परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय शस्त्रपरवाना माहितीकोशात होऊन त्याला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना हाती असेल तर त्यावर विसंबून खरेदी करू नये.
- शारीरिक आणि मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र ‘नमुना एस-३’ मध्ये, शस्त्र सुरक्षितपणे ठेवण्याची हमी ‘नमुना एस-२’ मध्ये आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र ‘नमुना एस-१’ मध्ये असते.
- पोलिसांचा अहवाल ३० दिवसांत यावा आणि अहवालानंतर ६० दिवसांत निर्णय व्हावा, असे नियमात आहे. विलंब झाल्यास याच मुदतींचा आधार घेऊन लेखी विचारणा करावी, कारण तोंडी चौकशीची कोठेही नोंद राहत नाही.

प्रशिक्षणाकडे अनेकजण कागदाचा एक तुकडा म्हणून पाहतात, वास्तविक नवख्याला निरनिराळी शस्त्रे कायदेशीररीत्या हातात धरून पाहण्याची ती पहिली संधी असते. कोणती मूठ आपल्या तळव्याला मानवते हे तिथेच कळते.

कायद्याने काय घेता येते

नळीच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात, आणि त्यावरून शस्त्रे प्रतिबंधित व अप्रतिबंधित अशी विभागली जातात. बोलीत त्यांनाच ‘पीबी’ आणि ‘एनपीबी’ म्हटले जाते. सैन्यात आणि पोलिसांत वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे काडतूस, तसेच ०.४५, ०.३८० आणि ०.४५५ इंचांची ठरावीक काडतुसे ज्यात बसतात अशी पिस्तुले व रिव्हॉल्वर प्रतिबंधित वर्गात येतात, म्हणून सामान्य अर्जदाराने ‘नऊ एमएम’चा विषय डोक्यातून काढून टाकावा. प्रत्यक्षात त्याच्यासमोर मुख्यतः ०.३२ आणि ०.२२ इंच बोअरची शस्त्रे उरतात, आणि यात कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण या काडतुसांचा धक्का सौम्य असल्याने नवखा हात त्यांवर लवकर तयार होतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका, पिस्तुले किंवा रिव्हॉल्वर बाळगता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. घरात वारशाने आलेली बंदूक असल्यास तीही या दोनांत मोजली जाते. बिनपरवाना शस्त्र बाळगल्यास, ते अप्रतिबंधित बोअरचे असले तरी, दोन ते पाच वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे, त्यामुळे स्वस्तात मिळणारा गावठी कट्टा हा पर्याय म्हणूनसुद्धा चर्चेत येऊ नये.

बाजारात प्रत्यक्ष काय आहे

रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे एका फिरत्या कोठीत बसतात, तर पिस्तुलात ती मुठीच्या आतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि प्रत्येक फैरीनंतर वरचा सरकता भाग मागे जाऊन पुढचे काडतूस नळीत नेतो. देशी बनावटीत ०.३२ बोअरचे रिव्हॉल्वर हे जुने आणि सर्वाधिक परिचित शस्त्र आहे. ते पूर्वी आयुध निर्माणी मंडळाच्या कानपूर येथील कारखान्यांत बनत असे, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत विभाजन झाल्यापासून ते काम कानपूरच्याच अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहे. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे टायटॅनियम मिश्रधातूचे सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्वर आले, त्याची तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये होती. त्यानंतर ०.२२ बोअरचे अवघे २५० ग्रॅमचे ‘निडर’ आणि २०२३ मध्ये सुमारे ७०० ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे ‘प्रबल’ बाजारात आले. पिस्तुलांत ०.३२ बोअरचे ‘अशनी’ परिचित आहे. परदेशी बनावटीची जुनी पिस्तुले परवानाधारकांकडून परवानाधारकांकडे फिरत असतात, पण खासगी आयातीवर दीर्घकाळ निर्बंध असल्यामुळे त्यांची किंमत गुणापेक्षा दुर्मिळतेने ठरते, आणि सुटे भाग मिळणे तर त्याहून कठीण असते.

‘प्रबल’च्या जाहिरातीत पन्नास मीटर पल्ल्याचा उल्लेख ठळक होता. घराच्या किंवा दुकानाच्या रक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याला त्या आकड्याचा उपयोग शून्य आहे, कारण आत्मसंरक्षणाचे अंतर एका खोलीच्या लांबीएवढे असते आणि पन्नास मीटरवरून गोळी झाडणारा माणूस न्यायालयात ‘बचाव’ सिद्ध करू शकेल ही शक्यता फारच कमी आहे.

काडतुसांच्या बाबतीत एक ठळक सावधगिरी आवश्यक आहे. रिव्हॉल्वरचे ०.३२ काडतूस आणि पिस्तुलाचे ०.३२ काडतूस यांचा बोअर सारखा लिहिला जात असला तरी ती दोन वेगळी काडतुसे आहेत. आपल्या शस्त्राच्या नळीवर कोरलेले पूर्ण नाव आणि काडतुसाच्या खोक्यावरील पूर्ण नाव जुळल्याशिवाय खरेदी करू नये. एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेता येतील हे परवान्यावर लिहिलेले असते.

हाताला बसणे म्हणजे काय

आरामदायक शस्त्र म्हणजे हलके शस्त्र, ही समजूत सर्वांत जास्त फसवते. गोळी पुढे जाताना जेवढा रेटा घेते तेवढाच शस्त्राला मागे बसतो, आणि तो रेटा सारखाच असेल तर शस्त्र जितके हलके तितक्या जोराने ते तळव्यात आदळते. त्यामुळे खिशात सुखावह वाटणारे पाचशे ग्रॅमचे ०.३२ रिव्हॉल्वर झाडताना सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्वरपेक्षा अधिक झणझणते, आणि दोन फैरींनंतर नवखा माणूस तिसऱ्या फैरीच्या आधीच डोळे मिटू लागतो. दिवसभर अंगावर बाळगण्याची गरज नसेल, शस्त्र दुकानात किंवा घरीच राहणार असेल, तर जडपणा हा दोष नसून सोय आहे.

दुसरी गोष्ट मुठीची. अंगठा आणि तर्जनी यांमधील खाच मुठीच्या पाठीवर शक्य तितकी वर बसावी, नळी मनगट व कोपर यांच्या सरळ रेषेत यावी, आणि या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर अलगद पोहोचावा. पोहोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल, तर शस्त्र त्या हातासाठी मोठे आहे. उलट बोट चापाच्या पलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत जात असेल तर ते लहान आहे, आणि प्रत्येक वेळी नेम एका बाजूला ओढला जाईल. रिव्हॉल्वरची लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठपट्टी पुष्कळदा बदलता येते, पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असल्यामुळे तिच्या जाडीत फारसा फरक करता येत नाही. लहान हातांसाठी, त्यात अनेक महिला आणि वयस्क आले, हा फरक निर्णायक ठरतो.

तिसरी, आणि प्रत्यक्षात सर्वाधिक दुर्लक्षित, गोष्ट चापाची ओढ. रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, अंगठ्याने आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो. परंतु तसे न करता सरळ चाप ओढला की घोडा मागे नेणे, कोठी फिरवणे आणि घोडा सोडणे ही तिन्ही कामे त्याच बोटाला करावी लागतात, म्हणून ही ओढ लांब आणि जड असते, आणि देशी ०.३२ रिव्हॉल्वर या बाबतीत विशेष कडक म्हणून ओळखली जातात. घाबरलेल्या क्षणी घोडा आधी ओढण्याचे भान राहत नाही, त्यामुळे निवड हलक्या ओढीवर नव्हे तर या जड ओढीवर करावी.

पिस्तुलात चापापेक्षा सरकता भाग मागे ओढणे अवघड जाते, कारण त्याची स्प्रिंग ताठ असते. सांधेदुखी असलेल्यांनी किंवा पंजात बळ कमी असलेल्यांनी हे काम सलग अनेकदा करून पाहिल्याशिवाय पिस्तुलाचा निर्णय घेऊ नये. पिस्तुलाला खटका असतो, मॅगझिन काढल्यावरही नळीत एक काडतूस उरू शकते, आणि घरगुती अपघातांत ‘रिकामे समजून’ हे शब्द वारंवार ऐकू येण्याचे एक कारण तेच आहे. मधोमध मोडून उघडणारे जुन्या धाटणीचे रिव्हॉल्वर उघडताच सर्व काडतुसे एकदम डोळ्यांसमोर येतात. या एका गुणामुळे, क्वचितच सराव करू शकणाऱ्या नवख्यासाठी ०.३२ रिव्हॉल्वर हीच सर्वसाधारणपणे योग्य निवड ठरते. नियमित सराव करणाऱ्याने पिस्तुलाचा विचार जरूर करावा.

विक्रेत्याकडे काय तपासावे

1. विक्रेत्याला शस्त्र उघडून रिकामे दाखवायला सांगावे आणि हातात घेतल्यावर स्वतः पुन्हा उघडून पाहावे. नळी सदैव माणसांपासून दूर असावी.
2. डमी काडतुसे घालून चाप पूर्ण ओढीने सावकाश दहा वेळा ओढावा. दर ओढीला नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे पुढचा नेमखुणेचा उंचवटा, खाली किंवा बाजूला जात असेल तर ओढ आपल्या बोटाला जड आहे.
3. दोन्ही हात पुढे करून अर्धा मिनिट शस्त्र धरावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी नेहमीचा चष्मा लावून माशी स्पष्ट दिसते का हे पाहावे, कारण नेम धरताना नजर लक्ष्यावर नव्हे, माशीवर स्थिर करायची असते.
4. डावखुऱ्यांनी खटका, मॅगझिनची कळ आणि कोठीची कडी आपल्या अंगठ्याला पोहोचतात का ते पाहावे.
5. जुने शस्त्र असल्यास नळीत उजेड धरून आतील आटे झिजलेले किंवा गंजाने खड्डे पडलेले नाहीत ना, घोडा मागे असताना कोठी हलते का, आणि शस्त्राचा क्रमांक कागदांवरील क्रमांकाशी अक्षरशः जुळतो का हे तपासावे.

परवानाधारक खासगी व्यक्तीकडून शस्त्र घ्यायचे असल्यास विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. नात्यातला किंवा गावातला व्यवहार असला तरी यातून सूट नाही. खरेदीनंतर शस्त्र परवान्यावर नोंदवून घ्यावे.

खाऱ्या हवेचा प्रश्न

करंजा, मोरा किंवा नागावच्या किनाऱ्यालगतच्या घरांत लोखंडी खिडक्यांची जी गत होते तीच शस्त्राचीही होते, आणि पावसाळ्याचे चार महिने तर विशेष जपावे लागते. चामड्याच्या खोळीत शस्त्र कायम ठेवणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे, कारण चामडे हवेतील ओल आणि मीठ शोषून धातूला चिकटवून ठेवते आणि खोळीच्या शिवणीच्या रेषेतच प्रथम तांबूस डाग उमटतात. खोळ बाळगण्यापुरती वापरावी. घरी शस्त्र कोरडे पुसून, नळीत व बाहेर बंदुकीच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलूपबंद पेटीत ठेवावे आणि बोटांचे ठसे दर वेळी पुसावेत, कारण घामातही मीठ असते. तेल काडतुसांना लागू देऊ नये, ती वेगळ्या कोरड्या डब्यात ठेवावीत. देखभालीला वेळ नसणाऱ्याने काळ्या मुलाम्याच्या पोलादाऐवजी गंजरोधक धातूचे शस्त्र निवडणे हिताचे.

घरात, रस्त्यावर आणि मांडवात

शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत, आणि किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी. पेटीची जागा मुलांना ठाऊक नसते, हा भ्रम कोणीही बाळगू नये. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र खोळीत, झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे. उरणमध्ये हे अधिक काटेकोरपणे पाळावे लागते, कारण करंजाचा नौदलाचा शस्त्रसाठा, तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा प्रकल्प आणि जवाहरलाल नेहरू बंदर यांमुळे हा टापू सुरक्षा यंत्रणांच्या सतत नजरेखाली असतो. २२ सप्टेंबर २०१६ रोजी शाळकरी मुलांनी शस्त्रधारी माणसे दिसल्याचे सांगताच नौदलापासून राष्ट्रीय सुरक्षा रक्षकांपर्यंत सर्व यंत्रणा येथे उतरल्या होत्या, आणि कसून शोध घेऊनही कोणी सापडले नव्हते. बंदरात किंवा अशा प्रकल्पांत शस्त्र नेऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना शस्त्र घेऊन बाहेर पडण्याआधी त्या आदेशातील अपवाद वाचावेत.

हळदीत, वरातीत किंवा विजयाच्या मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर गेलेली गोळी खाली येतेच. पाणजे किंवा आसपासच्या पाणथळ जागी पक्ष्यांवर नेम धरणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि परवाना त्याला संरक्षण देत नाही.

सराव कोठे

निर्जन माळ, मिठागर किंवा खाडीकिनारा ही सरावाची जागा नव्हे. सराव नेमबाजी संस्थेतच करावा. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांची लक्ष्य शूटिंग क्लब ही संस्था पनवेलला आहे, तर महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र मुंबईत वरळीला आहे. ज्यांचा परवाना अजून यायचा आहे किंवा ज्यांची गरजच अनिश्चित आहे, त्यांनी ०.१७७ बोअरच्या हवेच्या पिस्तुलाने सुरुवात करावी. वीस जूलपर्यंतच्या शक्तीच्या अशा पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि मूठ, माशी व चाप यांचे शिक्षण त्यावर तितकेच चांगले होते. काही महिन्यांच्या या सरावानंतर पुष्कळांना आपल्याला खेळ हवा होता, शस्त्र नव्हे, असे उमगते, आणि हा निष्कर्षही पैसे वाचवणारा असतो.

नकार, वारसा आणि शस्त्र नकोसे झाल्यास

परवाना नाकारल्यास कारणे लेखी मागता येतात, मात्र सार्वजनिक हिताच्या कारणास्तव ती न देण्याची मुभा प्राधिकाऱ्याला आहे. पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्धचे अपील राज्य शासनाकडे जाते आणि त्याची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे आदेश हाती पडल्याची तारीख लिहून ठेवावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याबाबतचा निर्णय छाननी समिती घेते. नोटीस आल्यास शस्त्र जमा करून पोच घ्यावी, आणि आपला धोका कायम असल्याचे पुरावे असतील तर ते समितीपुढे लेखी मांडावेत.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याला सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर अथवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्या ताब्यात राहिल्यावर, कायदेशीर वारसाला त्याच शस्त्रासाठी परवाना मागता येतो. परंतु नवा परवाना मिळेपर्यंत ते शस्त्र वारसाने घरात ठेवणे म्हणजे बिनपरवाना बाळगणे होय. मृत्यूनंतर विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्यावी व तिची एक प्रत परवान्याच्या मूळ पुस्तिकेसोबत ठेवावी. शस्त्र हाताला मानवत नाही असे आढळलेल्या जिवंत परवानाधारकालाही ते याच मार्गाने जमा करता किंवा विकता येते, त्यासाठी मुदत संपण्याची वाट पाहावी लागत नाही.